मोहरीएवढं लिंबू

डोळे मिटा बरं जरा. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही लहान होत चालला आहात. आधी घागरीएवढे, मग तांब्याएवढे, मग उभ्या ठेवलेल्या काडेपेटीएवढे. बस, इथंच थांबा, याहून लहान झालात तर तुम्हाला शोधायचं कुणी? आता आजूबाजूला बघा. ताटाबाहेर सांडलेलं भाताचं शीत केळ्याएवढं दिसतंय. समोरून मुंगी येतेय ती उंदराएवढी आहे, तिला वाट द्या. कोपऱ्यात झोपलेलं मांजर घराएवढं आहे, आणि ते जागं व्हायच्या आत आपल्याला इथून निघालेलं बरं. घाबरू नका. तुमच्यासाठी एक मोटार उभी आहे, अगदी तुमच्या मापाची. फिरोजी अंग, पांढरं छप्पर, पुढे चांदीच्या दातांचं रुंद हसू आणि मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख. आत बसा, आणि चला.

कापडे नावाच्या वाडीतल्या दर्शूला हे डोळे उघडे ठेवूनसुद्धा करता येई. पण सुरुवातीला मोठीच अडचण होती. आत बसायला मोटारच नव्हती.

त्याचं झालं असं. दर्शूचा दीपककाका मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. गणपतीला तो सुट्टीवर आला, तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून त्यानं पुतणीसाठी एक खोकं आणलं. खोक्यावर शेव्हरले बेल एअर नावाच्या जुन्या अमेरिकन मोटारीचं चित्र होतं. दर्शूचे आजोबा सोनबा तेव्हा रांगतही नसतील, इतकी जुनी मोटार. पण चित्र असं झळझळीत, की त्यात बघून भांग पाडावा. सगळं घर ओटीवर जमलं. काकानं ऐटीत झाकण उचललं, आत बघितलं, आणि त्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

खोक्यात मोटार नव्हती. मोटारीचे तुकडे होते. पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळ्या होत्या, आणि शेवग्याला शेंगा लागाव्या तशा त्यांना सीटा, आरसे, इंजिनाचे भाग आणि कसले कसले नखाएवढे चिटुकले तुकडे लटकलेले होते. एका पिशवीत चार रबरी टायर आणि दोन लोखंडी काड्या.

दर्शूची आजी बयाबाई हळहळली. सोनबांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"जहाज हललं आसंल," ते म्हणाले. "नीट बांदून ठेवायची व्हती रे."

काकाला तरी कुठे ठाऊक होतं, की अशा मोटारी तुकड्यांतच विकतात आणि त्या आपल्या हातानं जोडण्यातच सगळी मजा असते? त्यानं चित्र बघितलं होतं आणि खोकं काखोटीला मारलं होतं.

गणपतीत माणसं आरतीला घरोघर फिरतात, तेव्हा बातमीला पाय फुटायला वेळ लागला नाही. वाडीतले लोक प्रसाद घेऊन झाला की विचारत, अमेरिकेचं भंगार कुठं ठेवलंय. शेजारचा ओंकार नवी सायकल मिळाल्यापासून स्वतःला वाडीचा ड्रायव्हर समजायचा; तो तर अंगणातून जाताना भंगारवाल्याची आरोळीच देई. काका सगळ्यांबरोबर हसे. पण ओटीवर कुणी नसलं की तो खोकं उघडून बघे आणि हळूच मिटून ठेवी. दर्शूनं ते बघितलं होतं. भर वादळात, डोलत्या जहाजावर जो माणूस भाताचं पातेलं सांडू देत नाही, त्याला लोकांनी हसावं, हे तिला काही सोसेना.

म्हणून एका संध्याकाळी देवळासमोर ती बोलून बसली.

दसऱ्याला कापड्यात देवळापुढच्या उतारावर वाडीतल्या सगळ्या गाड्या रांगेनं उभ्या करतात. दर्शूच्या बाबांचा टेम्पो, एक रिक्षा, नांगरटीचा पॉवर टिलर, मोटारसायकली, आणि यंदापासून ओंकारची सायकल. प्रत्येकीला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ आणि चाकाखाली लिंबू. आरती झाली की एकेक गाडी लिंबावरून पुढे जाते, आणि मग वर्षभर तिला काही होत नाही असं म्हणतात.

"औंदा काकानं आणलेली गाडीपण रांगेत उभी राहनार," दर्शू म्हणाली.

लोक पोट धरून हसले. रांगेची व्यवस्था बघणारे श्रीपतबाबा मात्र हसले नाहीत. म्हातारा नियमाचा पक्का होता.

"लिंबावरनं जी जाईल ती गाडी," ते म्हणाले. "नाय गेली, तर ती शोबंची वस्तू. तिची जागा कपाटात."

"जाईल," दर्शू म्हणाली, आणि घरी येऊन खोक्यापुढे बसली. मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही.

आईनं मार्ग काढला. महाडला आईच्या शाळेत शरच्चंद्र सर चित्रकला शिकवायचे. आता ते निवृत्त होऊन पुठ्ठ्याचे पूल आणि काड्यांची गलबतं करत बसत. शनिवारी मायलेकी एसटीनं महाडला गेल्या. सरांनी दार उघडलं, दर्शूच्या हातातलं खोकं बघितलं, आणि पाहुण्यांना बसा म्हणायचं ते साफ विसरले. जाळ्या बाहेर काढून त्यांनी टेबलभर पसरल्या. सत्तरी उलटलेला तो माणूस एक आरसा सापडला म्हणून टाळ्या वाजवत होता.

"प्रियदर्शिनी," ते म्हणाले. हे दर्शूचं शाळेतलं नाव, आणि सर कुणाचंही नाव अर्धं घेत नसत. "ही गाडी एकास पंचवीस आहे. खरीचे पंचवीस भाग केले तर त्यातला एक. खरी पाच मीटर लांब, म्हणून ही वीतभर. आता हिच्यावर काम करायचं तर आपणही पंचवीस पटीनं लहान व्हायला हवं. हातांनी नाही होता येत. डोळ्यांनी व्हायचं."

त्यांनी तिला टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवायला लावली आणि तुकड्यांकडे समोरून बघायला सांगितलं. दर्शू बघत राहिली. हळूहळू टायर तिच्या कमरेएवढा झाला. सीट बसण्याजोगी झाली. हातात धरलेलं स्टिअरिंग... पण तेवढ्यात आईला शिंक आली आणि वादळात सापडल्यासारखी सगळी मोटार टेबलाखाली गेली.

मग शनिवारमागून शनिवार सर शिकवत गेले. तुकडा जाळीवरून पिरगाळून तोडायचा नाही, नेलकटरनं कापायचा. कापलेल्या जागी राहिलेला खुंट पॉलिश पेपरनं घासायचा. आधी गोंदाशिवाय लावून बघायचं. बसतो म्हणतोय का, ते तुकड्याला विचारायचं. मग दात कोरायच्या काडीच्या टोकानं थेंबभर गोंद. आणि मग सगळ्यात अवघड काम, ते म्हणजे काहीच न करणं. दर्शूला ते मुळीच जमत नसे. चिकटलंय का बघायला ती बोट लावी, आणि बोटच चिकटे. पहिल्या आठवड्यात गाडीपेक्षा तिची बोटंच जास्त जोडली गेली.

पावसाळी हवेत रंग मारू नकोस, असं सरांनी बजावलं होतं. दर्शूनं तरीही एका ढगाळ दुपारी तो मारलाच. सकाळी फिरोजी रंगावर ताक सांडल्यासारखा पांढरा धुरळा धरला होता. तो घासून काढायला तिला सबंध रविवार लागला. मग मात्र ऊन पडेपर्यंत ती शहाण्यासारखी थांबली, म्हणजे दर पाच मिनिटांनी अंगणात जाऊन आभाळाकडे डोळे वटारून बघण्याला थांबणं म्हणत असतील तर.

घराला याची लागण व्हायला वेळ लागला नाही. छप्पर चिकटेपर्यंत दाबून धरायला दर्शूनं कपड्यांचे चिमटे नेले, आणि वाऱ्यावर सोनबांचा सदरा उडून शेजारच्या भातात बुजगावणं होऊन बसला. मागचे लाल दिवे आईच्या नखांच्या रंगानं रंगले. कडेच्या चांदीच्या पट्टीसाठी चॉकलेटचा कागद हवा होता, म्हणून काकानं पुतणीवरच्या प्रेमापोटी सहा चॉकलेटं खाल्ली. इंजिनाच्या वायरी म्हणून काळा दोरा ओवला. स्टिअरिंग डाव्या बाजूला आलं, तेव्हा सोनबांनी जाहीर केलं, की पोरीनं गाडी उलटी जोडली. मग काकानं घसा खाकरून सगळ्यांना समजावलं, की तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्या दिवशी काका बऱ्याच दिवसांनी ताठ बसून जेवला.

आणि मग जेवतानाही तोच खेळ सुरू झाला. त्या गाडीच्या ड्रायव्हरला भाकरी केवढी लागेल? काका म्हणे, मसुराच्या दाण्याएवढी. बयाबाई म्हणे, तेवढ्यानं त्याचं पोट भरायचं नाय, दोन दे.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी शेवटचा आरसा बसला. दर्शूनं गाडी ओटीवर ठेवून नुसती फुंकर मारली. गाडी निघाली, ओटीच्या टोकाला गेली आणि पायरीवरून खाली झेपावली. सोनबांनी कसाबसा उपरण्याचा पदर पसरून ती झेलली. काका हसून हसून जमिनीवर लोळला, पण सोनबा गाडी छातीशी धरून बसले. डोंगरातला माणूस. उभ्या गाडीच्या चाकाला दगड लावल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. टेम्पोला लावत, पाहुण्यांच्या स्कूटरला लावत. एकदा एसटी थांबली तेव्हा तिलाही लावला होता, आणि ड्रायव्हर दहा मिनिटं गाडीत काय बिघडलं म्हणून शोधत होता.

दसऱ्याची सकाळ उजाडली. बयाबाई पूजेचं ताट घेऊन आली. ताटातलं लिंबू दर्शूनं गाडीच्या चाकाशी धरलं मात्र, दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. लिंबू बॉनेटपेक्षा उंच होतं. टेकडीच जणू.

"पंचवीस पटीनं बारीक पायजे," दर्शू म्हणाली.

मसाल्याचा डबा पालथा झाला. वाटाणा मोठा पडला, धणा मोठा पडला, आणि मग मोहरी आली. मोहरी अगदी बरोब्बर लिंबाएवढी होती. नारळ कशाचा करायचा याला बयाबाईला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तिनं मिरीचा दाणा उचलला, त्याच्यावर तर नारळासारख्या सुरकुत्यासुद्धा होत्या. पिवळ्या लोकरीच्या गाठी मारून झेंडूची माळ झाली. आपट्याच्या पानाचं नेलकटरनं पानुकलं कापलं. बयाबाई सवयीनं कुंकवात बोट बुडवून पुढे आली, तेव्हा दर्शूनं तिचा हात धरला.

"आजे, तुजं बोट त्या गाडीला माडाच्या खोडायेवडं हाय."

बयाबाईनं बोट निरखून बघितलं, मान डोलावली आणि काडेपेटीतली काडी घेतली.

चला म्हणून दर्शूनं गाडी जमिनीवर ठेवली आणि हलकेच ढकलली. गाडी घासत गेली. पुन्हा ढकलली. पुन्हा घासली. चाकं फिरत नव्हती.

तिनं गाडी उलटी केली. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, जिथं लोखंडी काडी फिरते तिथं, गोंदाचे चार थेंब दवासारखे चमकत होते. असे मोठे थेंब तिच्या हातचे नव्हते. तिनं वर बघितलं. सोनबा दारात उभे होते आणि उपरण्याचं टोक पिळत होते.

"पहाटं उटलो," ते म्हणाले. "फळीवरनं पडंल म्हनून जीव लागंना. दगूड शोदला गो लय. पन येवडा बारीक दगूड काय गावंना."

 देवळाकडून ढोलाचे पहिले ठोके ऐकू यायला लागले. दर्शूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सोनबांचा चेहरा असा झाला होता, की आता आपणही रडलो तर दोघांचं कोण बघणार, असं तिला वाटलं. तिनं आईच्या फोनवरून सरांना चेहऱ्यासकट गाठलं. सर दाढीचा साबण पुसत पडद्यावर आले. नखांचा रंग काढायचं औषध चालेल का, असं आईनं मागून विचारताच ते एवढ्यानं नको म्हणाले, की फोन हलला. त्यानं गोंदाबरोबर गाडीही विरघळली असती.

"दोरा," ते म्हणाले. "बारीक, पण न तुटणारा. चाक आणि गाडी यांच्या फटीत घाल आणि करवतीसारखा मागेपुढे ओढ. जोडताना जेवढी हळू होतीस, तोडताना त्याहून हळू. घाई झाली असेल ना? मग तर आणखीच हळू."

शिवायचा दोरा दोनदा तुटला. तेवढ्यात सोनबा आत गेले आणि त्यांचा मासे धरायचा गळ घेऊन आले. गळाचा तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, केसासारखा बारीक आणि हट्टी. त्यांनी मांडीवर गाडी उलटी धरली, श्वाससुद्धा धरला, आणि दर्शू ओढू लागली. मागे, पुढे. मागे, पुढे. बाहेर ढोल वाढत चालला. आई दारातून सांगत होती, टेम्पो रांगेत गेला, रिक्षा गेली, आता आरती लागेल. दर्शूनं कान मिटले. ती काडेपेटीएवढी झाली, गाडीखाली उताणी शिरली, आणि जाड दोरखंडानं एक भलामोठा गोंदाचा खडक कापत राहिली. एक चाक सुटलं. दुसरं सुटलं. तिसऱ्याला तंगूस बोटात रुतला. चौथं सुटलं ते जरा डुगडुगतच, आणि त्याची चांदीची टोपी उडून कुठे गेली ते कुणाला दिसलं नाही.

"डुलतंय," सोनबा म्हणाले.

"डुलू दे," दर्शू म्हणाली, आणि सगळे धावत सुटले.

रांगेच्या शेवटी, ओंकारच्या सायकलीमागे, नव्या सिमेंटच्या रस्त्यावर तिनं गाडी उभी केली. दर्शू नको नको म्हणत असतानाही काकानं सगळ्यांना पुढे बोलावलं. हसायला आलेल्या माणसांना गाडी बघायची तर उकिडवं बसावं लागत होतं, आणि उकिडवं बसून टिंगल करणं जरा अवघड असतं. त्यातून ते आत बघत. तिथं वायरी होत्या, वेग दाखवणारे काटे होते, पाय ठेवायच्या जागी गालिचासुद्धा होता. बयाबाईनं काडीच्या टोकानं बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मिरी वाहिली.

"लिंबू कुटंय?" ओंकारनं विचारलं.

"चाकाखाली. बारीक हो, म्हंजे दिसंल."

ओंकारनं आधी इकडेतिकडे बघितलं, मग रस्त्यावर चक्क पालथा पडून गाल सिमेंटला टेकवला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "आयला," एवढाच.

गाड्या निघाल्या. टेम्पोखाली लिंबू फुटलं, रिक्षाखाली फुटलं, टिलर तर लिंबासकट नारळही घेऊन गेला. ओंकारच्या सायकलीखालचं लिंबू निसटलं, सायकल आडवी झाली, आणि त्यानं एका पायावर नाचत तिला कसंबसं पलीकडे नेलं. श्रीपतबाबांनी ते चालवून घेतलं. मग ते चष्मा पुसून दर्शूच्या गाडीजवळ खाली बसले. आईनं फोन उंच धरला होता. त्यातून सर सारखे विचारत होते, की मला फक्त ढगच का दिसतायत.

दर्शूनं गाडी अडवून धरलेलं बोट उचललं.

गाडी हलली नाही. मोहरी चाकापुढे गोल, टणक, बसलेली. कुणीतरी खोकलं. काकानं डोळे मिटून घेतले. मग ते डुगडुगतं चाक जरासं डुललं, गाडीनं खांदा उडवल्यासारखं केलं, आणि पुढची चाकं मोहरीवरून पलीकडे उतरली. मागचीही उतरली. वीतभर गेली. हातभर गेली. आणि मग तिला उतार कळला.

गाडी सुटली. मागून वाडी सुटली. श्रीपतबाबा धोतर सावरत धावत होते, सोनबा दगड शोधत धावत होते, ढोलवाले ढोल वाजवत धावत होते. काका सगळ्यांच्या पुढे, "बाजूला व्हा" म्हणत, आणि बाजूला व्हायला पुढे फक्त एक कोंबडी. फोनमधून सर ओरडत होते, की आता फक्त पाय दिसतायत. गाडी कोंबडीच्या पायांतून गेली, वळणावर वळली नाही, रस्त्याच्या कडेवरून उडाली, आणि पिकल्या भातात दिसेनाशी झाली.

दर्शू बांधावरून उतरली. लोंब्या बाजूला केल्या. गाडी चिखलात नाक खुपसून उभी होती. पुढचा बंपर एका बाजूनं लोंबत होता, एक आरसा गेला होता, आणि फिरोजी अंग खिडक्यांपर्यंत चिखलानं माखलं होतं. तिनं ती ओंजळीत घेऊन रस्त्यावर आणली. धापा टाकणारी माणसं गोल करून उभी राहिली आणि श्रीपतबाबांच्या तोंडाकडे बघू लागली.

त्यांना बोलायला दम यावा लागला.

"गाडी हाय," ते म्हणाले. "दीपक, लय पळती रे तुजी गाडी."

काका हसला, आणि या खेपेला एकटाच हसला. इतकं, की त्याला बांधावर बसावं लागलं. सोनबा म्हणत होते, आता पुरे, आता काचेत घालून ठेव गो. सर म्हणत होते, बंपरचं काही नाही, शनिवारी ये. ओंकार नुसता गाडीकडे बघत होता.

दर्शूनंही बघितलं. चाकांवर चढलेला चिखल बाबांच्या टेम्पोला चढतो तसाच होता. तिनं फ्रॉकच्या कोपऱ्यानं पुढची काच तेवढी पुसली, बंपर हळूच काढून खिशात ठेवला, आणि ओंकारला खालच्या वळणावर ओंजळ पसरून बसायला सांगितलं. मग सगळ्यांच्या मधून वाट काढत ती उतार चढून देवळापाशी गेली, गाडी रस्त्यावर ठेवली, आणि पुन्हा बोट उचललं.